पोर्तुगालच्या जुन्या वास्तू आणि संग्रहालयं पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वसईची. किल्ल्याच्या तटावर खेळत लहानाची मोठी झाले. गेली काही वर्षं नोकरीनिमित्त लिस्बनमध्ये राहते. सुट्टी मिळाली की ट्रेन किंवा बस पकडून एखाद्या गावात जायचं आणि तिथला मठ, किल्ला, संग्रहालय नीट पाहायचं, हा माझा शिरस्ता झाला आहे. नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र येण्याआधी फोन करतात आणि बहुतेक तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. वेळा आणि दर बदलत राहतात, तेवढे निघण्याआधी त्या त्या वास्तूच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या.

आमच्याकडे आठ दिवस आहेत. कोणती शहरं घ्यावी?

लिस्बनला तीन दिवस, एव्होराला दोन, तोमारला एक, कोइंब्राला एक. उरलेल्या दिवसात अल्कोबासा आणि बताल्या हे दोन मठ. पोर्तो यात नाही, हे मला माहीत आहे. पोर्तो सुंदर आहे, पण आठ दिवसांत तेही कोंबलंत तर अर्धा वेळ बॅगा उचलण्यात जातो.

मनापासून सांगते, लिस्बनचा एखादा दिवस कमी झाला तरी चालेल, लहान गावं कमी करू नका. लिस्बनच्या मोठ्या वास्तूंत रांगेतून आत जायचं आणि रांगेतूनच बाहेर यायचं, असं होतं. तोमारच्या मठात सकाळी लवकर पोहोचलात तर एखाद्या दालनात तुम्ही एकटेच असता. दगडावर हात न लावता पण अगदी जवळ जाऊन, छिन्नीचे घाव दिसेपर्यंत पाहता येतं. दिवसाला दोन वास्तू पुरे. तिसरीला डोळे थकलेले असतात.

अल्कोबासा आणि बताल्या वगळले तर चालणार नाही का? दोन्हीकडे ट्रेन जात नाही म्हणे.

ट्रेन जात नाही, खरं आहे. लिस्बनच्या सेते रिओस स्थानकावरून बस मिळते. तरी वगळू नका.

अल्कोबासाच्या चर्चमध्ये राजा पेद्रू आणि त्याची प्रेयसी इनेस यांच्या समाध्या समोरासमोर आहेत. इनेसला पेद्रूच्या बापाच्या, म्हणजे राजाच्या हुकमाने १३५५ मध्ये कोइंब्राला मारलं. पेद्रू गादीवर आला तेव्हा त्याने दोघांसाठी समाध्या घडवून घेतल्या. पाय पायांकडे केलेले आहेत, म्हणजे शेवटच्या न्यायाच्या दिवशी उठून बसताच पहिली नजर एकमेकांवर पडावी. त्याच मठाचं स्वयंपाकघरही पाहा. नदीचा पाट वळवून थेट आत आणला आहे आणि मधली चिमणी एवढी उंच आहे की मान दुखते.

बताल्या हा १३८५ च्या आल्जुबारोता लढाईतल्या विजयाचा नवस. बांधकाम शंभराहून अधिक वर्षं चाललं आणि शेवटी काही चॅपलं छपराविनाच राहिली. त्यांना ‘अपुरी चॅपलं’ असंच म्हणतात. पाऊस पडत असेल तर तिथे नक्की थांबा. कोरीव दगडावरून पाणी ओघळताना वसईच्या किल्ल्यातली छप्पर गेलेली चर्चं आठवतात.

सोमवारी संग्रहालयं बंद असतात का?

बरीचशी. पण सगळी नाहीत. काही सोमवारी उघडी असून मंगळवारी किंवा बुधवारी बंद असतात. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे आणि २५ डिसेंबर या दिवशी जवळपास सगळं बंद. लिस्बनमध्ये १३ जूनही धरा, तो संत अँथनीचा दिवस.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण यावरून माझा एक अख्खा दिवस फुकट गेला आहे. पोर्तुगीजमध्ये वारांना नावं नाहीत, आकडे आहेत, आणि मोजणी रविवारपासून सुरू होते. सोमवार म्हणजे ‘सेगुंदा’, दुसरा. मंगळवार ‘तेर्सा’, तिसरा. शुक्रवार ‘सेश्ता’, सहावा. शनिवार-रविवारला मात्र नेहमीसारखी नावं आहेत. दारावरच्या पाटीवर ‘२ ते ६’ असं दिसलं तर ते सोमवार ते शुक्रवार. मी आठवड्याचा दुसरा दिवस म्हणजे मंगळवार धरला होता आणि सोमवारी ऐंशी किलोमीटर प्रवास करून एका बंद दारासमोर उभी राहिले. ‘एंसेरादु’ किंवा ‘फेशादु’ म्हणजे बंद, ‘आबेर्तु’ म्हणजे उघडं.

लहान गावांत दुपारी साडेबारा-एकपासून दोनपर्यंत जेवणाची सुट्टी असते. आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा ते एक तास आधी थांबतो, हेही हिशेबात घ्या.

रविवारी प्रवेश फुकट असतो असं ऐकलं. खरं का?

ही माहिती जुनी आहे. पूर्वी पर्यटकांनाही काही रविवारी मोफत प्रवेश होता. आता सरकारी संग्रहालयं आणि स्मारकांची सवलत पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे: २०२४ च्या ऑगस्टपासून त्यांना वर्षातले ५२ दिवस मोफत. तुम्ही पाहुणे असाल तर तिकीट काढावंच लागेल. मोठ्या वास्तूंचं तिकीट १५ युरोच्या आगेमागे धरा, गावातली नगरपालिकेची संग्रहालयं त्याहून कितीतरी स्वस्त. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी मोफत, ६५ वर्षांवरच्यांना बऱ्याच ठिकाणी अर्धं तिकीट. ट्रेनमध्येही ६५ नंतर अर्धं भाडं लागतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा, आधार कार्ड इथे कोणी ओळखत नाही.

आधी ऑनलाइन तिकीट काढायला हवं का?

लिस्बनचा जेरोनिमोस मठ, जवळच्या सिंत्राचा पेना राजवाडा आणि कोइंब्राचं जोआनिना ग्रंथालय, या तिन्हींसाठी हो. तिथे ठरलेल्या वेळेचं तिकीट असतं. बाकी कुठेही खिडकीवर मिळतं.

जेरोनिमोसच्या मठात नेमकं काय पाहायचं? गर्दीत काही कळलंच नाही.

आधी एवढं लक्षात घ्या की हा मठ मिरीवर उभा आहे. १५०१ च्या सुमारास राजा मानुएलने काम सुरू केलं आणि खर्चासाठी आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर पाच टक्के बाजूला काढले. ती मिरी मलबारच्या वेलांवरची. हे मनात ठेवून आत शिरलात की खांब वेगळे दिसू लागतात.

चर्चमध्ये शिरताच डाव्या-उजव्या हाताला दोन समाध्या आहेत, वास्को द गामाची आणि कवी कामोइंशची. सगळे तिथेच फोटो काढतात आणि पुढे सरकतात. गामा वारला कोचीनला, १५२४ च्या डिसेंबरात. आधी त्याला तिथेच पुरलं होतं, अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला आणले. आत्ता दिसते ती कोरीव समाधी एकोणिसाव्या शतकातली.

मी मात्र तुम्हाला सरळ वेदीपाशी जायला सांगेन. तिथे राजांच्या समाध्या आहेत आणि प्रत्येक समाधी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेली आहे. हत्ती लहान आहेत, खाली आहेत, अंधारात आहेत. म्हणून दिसत नाहीत. वाकून पाहा. युरोपातल्या राजाने मेल्यावरही हत्तीवर बसावंसं ठरवलं, यातून आपल्याकडच्या हत्तींनी या लोकांच्या मनावर काय छाप पाडली होती ते समजतं.

मठाचं अंगण तिकिटाचं आहे, चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत. रांगा मात्र वेगळ्या असतात, पाटी वाचून उभे राहा.

लिस्बनमधल्या बेलेमच्या टॉवरसाठी तासभर रांगेत उभं राहावं का?

माझ्या मते नाही. टॉवर बाहेरूनच बघण्यासारखा आहे. आत खोल्या लहान, जिना अरुंद.

बाहेरून एक गोष्ट शोधा. खालच्या बुरुजाच्या एका कोपऱ्यातल्या टेहळणी मनोऱ्याखाली गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. वाऱ्यापावसाने बरंच झिजलंय, तरी ओळखू येतं. गुजरातच्या सुलतानाने, मुझफ्फरशाहने, पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजाने राजा मानुएलला पाठवला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनच्या बंदरात उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिलाच नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळून गेला. पुढे पोपला भेट म्हणून धाडताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडाने बांधलेला तो मुका जीव बुडाला. लिस्बनच्या लोकांनी त्याला ‘गांडा’ म्हटलं. आपला गेंडा. शब्दही त्याच्याबरोबर जहाजातून आला.

जवळच नदीकाठी नाविकांचं भलंमोठं स्मारक आहे. ते जुनं नाही. १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं, आज दिसतं ते काँक्रिटचं १९६० मधलं, हुकूमशहा सालाझारच्या काळातलं. ते पाहताना हे साल लक्षात असू द्या. गोवा तेव्हा अजून त्यांच्या ताब्यात होता.

लिस्बनमध्ये एकच संग्रहालय पाहायला वेळ असेल तर?

राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालय. तिथे ‘बेलेमची कुस्तोदिया’ आहे, १५०६ मध्ये घडवलेलं सोन्याचं पूजापात्र. त्याचं सोनं गामाने दुसऱ्या सफरीत पूर्व आफ्रिकेतल्या किल्व्याच्या राजाकडून खंडणी म्हणून आणलं. काचेसमोर उभं राहिलं की बारीक काम पाहून बोलणं बंद होतं, आणि खंडणी हा शब्द आठवला की परत सुरू होतं. त्याच इमारतीत गोव्यात आणि गुजरातेत घडलेलं लाकडी फर्निचर आहे, शिसवीवर हस्तिदंताचं जडावकाम केलेलं. त्यावरची वेलबुट्टी आपल्या सुतारांच्या हातची आहे, हे लगेच कळतं.

दुसऱ्यासाठी वेळ असेल तर फरशांचं संग्रहालय. तिथे १७०० च्या सुमाराचं अख्खं लिस्बन निळ्या फरशांवर रंगवलेलं आहे, २३ मीटर लांब. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने आणि आगीने जे शहर गेलं ते आता तिथेच उरलं आहे.

मुंबई आंदण दिली ती राणी कुठली? तिचं काही पाहता येतं का?

हा प्रश्न विचारला की मला आनंद होतो, कारण तिच्या गावाला आपल्याकडचं फारसं कोणी जातच नाही.

कॅथरीन, म्हणजे पोर्तुगीजमध्ये काटारिना द ब्रागांसा, १६३८ मध्ये व्हिला व्हिसोझाला जन्मली. एव्होराहून पूर्वेला साधारण तासाभराच्या अंतरावर, संगमरवराच्या खाणींच्या पट्ट्यातलं हे गाव. १६६१ च्या करारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई बेट लिहून दिलं गेलं. चार्ल्सने १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे.

गावचा ड्यूकचा राजवाडा समोरून शंभर मीटरपेक्षा लांब आहे, सगळा संगमरवर. आत फक्त गाईडबरोबर सोडतात, फोटो काढू देत नाहीत. राजा कार्लूशने शेवटची रात्र इथे काढली. दुसऱ्या दिवशी, १ फेब्रुवारी १९०८ ला, लिस्बनमध्ये त्याचा खून झाला. त्याच्या खोल्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पण मला सगळ्यात आवडतं ते स्वयंपाकघर. तांब्याची भांडी शेकड्यांनी, भिंतभर, आकाराप्रमाणे लावलेली: मोठाली पातेली, कढया, साचे, झाकणं. सगळी लखलखीत घासलेली. माझी आई तिथे बाकी राजवाड्यापेक्षा जास्त वेळ उभी होती. कल्हई कशी आहे ते वाकून पाहत होती. गाईडबाईंना मराठी येत नव्हतं आणि आईला पोर्तुगीज, तरी दोघींचं भांड्यांच्या बुडाबद्दल बरंच बोलणं झालं.

राणीची समाधी मात्र इथे नाही. चार्ल्सच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ती मायदेशी परतली, १७०५ मध्ये लिस्बनला वारली. लिस्बनच्या साओ व्हिसेंते द फोरा मठात ब्रागांसा घराण्याच्या दफनगृहात ती आहे. मुंबईकर असाल तर तिथे दोन मिनिटं थांबा.

जाताना एवढं पाहा: व्हिला व्हिसोझाला ट्रेन नाही, एव्होराहून बस आहेत पण मोजक्या, शनिवार-रविवारी तर फारच कमी. परतीची बस आधी नक्की करा, मग राजवाड्यात शिरा.

तोमार एवढं का सांगतेस सगळ्यांना?

कारण एका टेकडीवर इतकं सारं दुसरीकडे नाही. टेम्पलर सरदारांनी, म्हणजे धर्मयुद्धात लढणाऱ्या ख्रिस्ती संघाने, ११६० मध्ये किल्ला बांधायला घेतला. आतलं चर्च गोल आहे, बहुधा जेरुसलेमच्या पवित्र समाधीच्या धर्तीवर. पुढे टेम्पलर मोडले आणि पोर्तुगालमध्ये त्यांच्या जागी ख्रिस्ताचा संघ आला. जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस याच संघाचा. वसईच्या किनाऱ्याला जी जहाजं लागली त्यांच्या शिडांवर तोमारची खूण होती.

मठाच्या पश्चिमेच्या भिंतीवर ती प्रसिद्ध खिडकी आहे. पोर्तुगीजमध्ये ‘जानेला’. गोव्याकडच्या आणि मालवणकडच्या वाचकांना सांगायला नको, तेच आपलं जनेल. दगडात दोरखंड, गाठी, बुचाचे तरंगते गोळे, पोवळी, साखळ्या, सगळं गलबतावरचं सामान कोरलंय. खाली एक म्हातारा दाढीवाला ते सगळं झाड पाठीवर पेलून आहे. दगडावर शेवाळ आणि पिवळट दगडफूल साचलंय. दुपारनंतर ऊन तिरपं येतं तेव्हा दोरखंडाचा पीळ न् पीळ दिसतो.

खाली गावात पंधराव्या शतकातलं सिनेगॉग आहे. एकच खोली, चार बारीक खांब. वर कोपऱ्यांत मातीची मडकी भिंतीत बसवलेली दिसतील, तोंडं बाहेर. प्रार्थनेचा आवाज घुमावा म्हणून. १४९७ पर्यंत ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलं आणि ही खोली मग तुरुंग झाली, कोठार झाली. आत एखादा शब्द हळू म्हणून पाहा.

२०२७ च्या जुलैत येणार असाल तर तोमारचा ताबुलेरूंचा उत्सव आहे. तो दर चार वर्षांनी होतो. मुली आपल्याएवढ्या उंचीचा पावांचा आणि कागदी फुलांचा मनोरा डोक्यावर घेऊन मिरवणुकीत चालतात. राहायची जागा फार आधी ठरवा.

कोइंब्राच्या ग्रंथालयात खरंच वटवाघळं पाळलीत?

पाळलेली नाहीत, राहतात. जोआनिना ग्रंथालय १७१७ ते १७२८ मध्ये बांधलं. रात्री वटवाघळं बाहेर येतात आणि पुस्तकं खाणारे किडे खातात. म्हणून संध्याकाळी मेजांवर चामड्याची आच्छादनं घालतात आणि सकाळी खालची घाण झाडतात. दिवसा वटवाघूळ दिसणार नाही. वरच्या सोनेरी दालनात थोडाच वेळ थांबू देतात, तेव्हा मोबाईल खिशात ठेवा आणि वर पाहा. उशीर झाला तर तुमची वेळ जाते, हे मात्र खरं.

एव्होराच्या हाडांच्या चॅपलमध्ये मुलांना न्यावं का?

आठ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना न्या, पण आधी घरी सांगून ठेवा. भिंती, खांब, सगळं माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी मढवलेलं आहे. दारावर लिहिलंय: आम्ही इथली हाडं, तुमच्या हाडांची वाट पाहतोय. फ्रान्सिस्कन साधूंनी हे लोकांना भिववण्यासाठी केलं नाही, देहाचा भरवसा नाही हे सांगायला केलं. आपल्या संतांचे अभंग ऐकत वाढलेल्याला यात परकं काही वाटत नाही. मुलंही मोठ्यांपेक्षा शांतपणे पाहतात, असा माझा अनुभव.

नंतर त्यांना मोकळ्या हवेत न्या. गावात पहिल्या शतकातलं रोमन देऊळ आहे. आणि ‘चांदीच्या पाण्याचा’ सोळाव्या शतकातला जलसेतू आहे, त्याच्या कमानींच्या पोटात लोकांनी घरं बांधली आहेत. दार, कुंडी, वाळत घातलेले कपडे आणि डोक्यावर दगडी कमान. मुलांना तेच सगळ्यात आवडतं.

गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांना पोर्तुगालच्या तुरुंगात ठेवलं होतं. ती जागा पाहता येते का?

येते, आणि माझी विनंती आहे की जा. लिस्बनच्या उत्तरेला, बसने दीडेक तासावर, पेनिश हे मासेमारीचं बंदर आहे. तिथला समुद्रात घुसलेला किल्ला १९३४ पासून १९७४ पर्यंत राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १८ जून १९४६ ला लोहियांच्या सभेने गोव्यात ठिणगी पडली. त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांसा कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि याच पेनिशला पाठवलं. १९५३ मध्ये पोर्तुगालमधून निसटून ते मुंबईला पोहोचले.

एप्रिल २०२४ पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. कोठड्या, जाळीआडून भेटायची जागा, कैद्यांची नावं. नातेवाईक समोर, मध्ये पहारेकरी, बोलायचं ते पोर्तुगीजमध्ये. कोठडीच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण लाटा आपटताना ऐकू येतात. रात्रंदिवस. गोव्याच्या माणसाला तो आवाज ऐकून काय वाटलं असेल, हा विचार मी तिथून परतताना बसमध्येही करत होते.

सांगलीच्या मोहन रानडेंना मात्र लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात ठेवलं होतं. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. सात वर्षं उलटून गेल्यावर. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी केलेली खटपट आपल्याकडच्या जुन्या पिढीला आठवत असेल. काशियसला आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. लिस्बनहून काश्काइशला जाणारी नदीकाठची लोकल त्या स्थानकावर थांबते.

इन्क्विझिशन, गुलामांचा व्यापार, याबद्दल इथे काही दाखवतात का?

पूर्वीपेक्षा जास्त, पण शोधावं लागतं. मठांच्या माहितीफलकांवर ‘शोधयात्रा’ भरपूर सापडतात, ज्यांना शोधलं त्यांचं काय झालं ते कमी. एव्होरामध्ये इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा आता कलाकेंद्र आहे. लिस्बनला साओ दोमिंगुश चर्चसमोर १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. ते चर्च १९५९ मध्ये जळलं आणि खांबांवरचे जळल्याचे डाग तसेच ठेवलेत, आतही जा. दक्षिणेला लागुशमध्ये गुलामांच्या बाजाराच्या जागी छोटं संग्रहालय आहे, १४४४ मध्ये आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा लिलाव झाला ते हे गाव. लिलाव हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला.

मराठीशी थेट संबंध असलेलं काही आहे का?

ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात सोळाव्या शतकातली हस्तलिखितं आहेत. गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी लिहून घेतलेल्या रामायण-महाभारतातल्या कथा कोकणी गद्यात, आणि त्याबरोबर मराठी पद्य. सगळं रोमन लिपीत. गोव्यात त्या काळात पोथ्या जाळल्या जात होत्या, आणि जाळणाऱ्यांपैकीच काहींनी उतरवून घेतलेलं हे साहित्य मिन्यूच्या पावसाळी प्रदेशात टिकून राहिलं. प्रदर्शनात मांडलेलं नसतं. अभ्यासक असाल तर आधी पत्र लिहून परवानगी घ्या, नुसतं पाहायला म्हणून जाऊ नका.

याच्या उलट बाजूचं एक आपल्याकडे आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा पोर्तुगीज आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. इथल्या इगर्जींमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, मनोऱ्यावर चढायला मिळालं की मी घंटेवरचं साल आधी वाचते.

आईबाबांना घेऊन येतोय. गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल, पण चढ आणि फरसबंदी दोन्हींचा विचार करा. इथले पदपथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या तुकड्यांचे असतात. पाऊस पडला की साबण लावल्यासारखे निसरडे होतात. रबरी तळव्याचे बूट हवेतच, चामड्याची चप्पल नको. तोमारला टेकडी चढण्याऐवजी स्टेशनबाहेरून टॅक्सी करा, पैसे फार पडत नाहीत. कोइंब्राचं विद्यापीठही वर टेकडीवर आहे, तिथेही टॅक्सीनेच जा आणि उतरताना हळूहळू चालत या. एव्होरा त्यातल्या त्यात सपाट. वृद्धांसाठी मी एव्होराच निवडेन.

सिंत्रा?

ट्रेनने जा, गाडीने नको. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळची पहिली वेळ घ्या.

शाकाहारी माणसाचं गावाकडे काय होतं?

उपाशी राहत नाही, पण विचारावं लागतं. ‘काल्दू व्हेर्द’ हे हिरव्या पालेभाजीचं सूप दिसतं शाकाहारी, पण वर डुकराच्या सॉसेजची चकती घालतात. ‘सें कार्न, सें पैश’ म्हणजे मांस नको, मासे नको, असं स्पष्ट म्हणा. एव्होराकडे ‘आसोर्दा’ मागवा. लसूण आणि भरपूर कोथिंबीर मिठाबरोबर कुटून, वर ऑलिव्ह तेल, गरम पाणी आणि शिळ्या पावाचे तुकडे. अंडं नको असेल तर आधी सांगा, आणि पाणी माशाचं नाही ना हेही विचारा. कोथिंबिरीवर इतका जीव टाकणारा प्रांत मी युरोपात दुसरा पाहिला नाही.

मठांच्या मिठाया अंड्याच्या बलकाच्या असतात. ‘तोसिन्यू’ शब्द असेल तर त्यात परंपरेने डुकराची चरबी. टेबलावर न मागता ठेवलेला पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर परत द्या, कोणी वाईट वाटून घेत नाही.

कपडे, फोटो, बूट?

बूट काढायचे नाहीत. खांदे झाकलेले बरे. फ्लॅश कुठेच नको. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहा, संपल्यावर फिरा.

कोणत्या महिन्यात यावं?

एप्रिल, मे, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये एव्होराकडे पारा चाळिशीला टेकतो आणि दगड संध्याकाळपर्यंत भाजत राहतो.

लहान गावातली चर्चं कुलूपबंदच असतात. आत जायचा काही मार्ग?

शेजारचं दार ठोठवा. खरंच. आलेंतेजूमधल्या, म्हणजे एव्होराकडच्या प्रांतातल्या, एका गावात मी बंद चॅपलच्या फटीतून डोकावत होते. आत निळ्या फरशांचा तुकडा दिसत होता, बाकी अंधार. समोरच्या ओट्यावर एक आजी वाटाणे सोलत बसल्या होत्या. माझं पोर्तुगीज तेव्हा अगदीच कच्चं. मी कुलूप फिरवल्याची खूण केली आणि तोंडातून आपलं ‘चावी?’ निघून गेलं. त्या हसल्या, ‘शाव्ह’ म्हणाल्या, उठल्या आणि ॲप्रनच्या खिशातून वीतभर लांब लोखंडी किल्ली काढून माझ्या हातात दिली. आपली चावी त्यांच्याच ‘शाव्ह’वरून आली आहे, हे मला माहीत होतं. पण हातात तिचं वजन घेतल्यावर ते पटलं.

आत भिंतभर फरशांवर संत अँथनी माशांना उपदेश करत होता आणि मासे पाण्यातून डोकी वर काढून ऐकत होते. मला तासभर कोणी विचारलं नाही.

बऱ्याच गावांत चावी अशी शेजारी, कॅफेत किंवा पंचायतीत असते. ‘आ शाव्ह दा इग्रेझा, पुर फावोर’ एवढं म्हणा. निघताना दिवे बंद करा, दानपेटीत एक-दोन युरो टाका, आणि चावी ओट्यावर ठेवून जाऊ नका, हातात नेऊन द्या.